आत न जाणाऱ्या पट्ट्यामुळे अडलेली सोयरीक

प्रति,
मा. अधिकारीसाहेब,
काळी माती नमुना संकलन योजना,
अकोला.

विषय : शासकीय मोटारीचा चालकाच्या बाजूचा कमरपट्टा बाहेर येतो परंतु आत जात नाही, त्यामुळे अर्जदाराचे लग्न अडले असल्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे अर्ज दि. ६ डिसेंबर १९६५ व दि. १० जानेवारी १९६६ (दोन्ही कार्यालयात सुखरूप असल्याचे समजते).
२) कार्यालयीन परिपत्रक क्र. १७.
३) श्री. खुशालराव वानखडे, राहणार अचलपूर, यांचे तोंडी बोलणे (मोठ्याने).

महोदय,

अर्जदार नामे गोवर्धन नत्थुजी गावंडे, वय वर्षे चोवीस, हुद्दा वाहनचालक (हंगामी), हा आपल्या सेवेशी खालील हकीकत सादर करीत आहे. हकीकत लांब आहे, परंतु पट्ट्याइतकी लांब नाही.

१. कार्यालयाची मोटार ही मुळात सरकारी नव्हे. सन १९६२ साली परदेशातून एक मातीतज्ज्ञ साहेब आले. त्यांनी दोन वर्षे जिल्ह्यातली माती बरण्यांत भरली, आणि जाताना बरण्या घेऊन गेले व गाडी ठेवून गेले. या गाडीच्या पुढच्या दोन्ही बैठकांना कमरेचे पट्टे आहेत. असा पट्टा अकोल्यात दुसऱ्या कोणत्याही वाहनाला नाही, एस. टी.ला नाही, कलेक्टरसाहेबांच्या गाडीलाही नाही. दाराजवळ तळाशी एक लोखंडी डबी आहे. पट्टा तीत गुंडाळलेला असतो. ओढला की बाहेर यावा, पोटावरून नेऊन बकलात अडकवावा, आणि काम झाले की सोडून द्यावा म्हणजे तो आपला आपण आत जाऊन बसतो, अशी त्याची मूळची वागणूक होती व तिच्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

२. ज्यांनी गाडी दिली ते तज्ज्ञ साहेब केव्हाही परत येऊन पाहतील, या धास्तीने आपल्या आधीच्या साहेबांनी परिपत्रक क्र. १७ काढले. त्यात म्हटले आहे की, चालकाने पट्टा बांधल्याशिवाय गाडी हलवू नये, पट्टा अंगास घट्ट असावा, सैल पट्टा हा पट्टा नसल्यासारखाच समजण्यात येईल, आणि कसूर करणाऱ्या चालकास कामावरून कमी करण्यात येईल. तज्ज्ञ साहेब परत आले नाहीत. आधीचे साहेब बदलून गेले. परिपत्रक मात्र कोठेही गेलेले नाही.

३. मागील दिवाळीपासून हा पट्टा बिघडला. गाडी रोज शेतांच्या बांधावरून फिरते आणि दार उघडले की धूळ आत येते. जी माती शासन बरण्यांत मागते तिचा एक नमुना डबीत परस्पर जमा झाला असावा, असा अर्जदाराचा अंदाज आहे. त्या दिवसापासून पट्टा ओढला की येतो आणि आला की राहतो. रोज वीतभर जास्तच येई. आता तो पूर्ण सात हात बाहेर आहे, आणि यापुढे येणार नाही, कारण आत काही उरलेले नाही.

४. सात हात पट्टा चोवीस वर्षांच्या हडकुळ्या इसमाच्या पोटावर घट्ट कसा बसवावा, याचा खुलासा परिपत्रकात नाही. सबब अर्जदाराने स्वतःच्या अकलेने पुढील पद्धत बसवली आहे. गाडीत चढण्यापूर्वी तो दाराशी उभा राहतो, शिपाई पट्ट्याचे टोक धरतो, आणि अर्जदार स्वतःभोवती साडेतीन गिरक्या घेऊन पट्टा अंगावर गुंडाळून घेतो. मग तसाच आत बसतो व टोक बकलात अडकवतो. उतरताना हेच सर्व उलट दिशेने करावे लागते. टोक धरायला कोणी नसेल तर पट्टा पायांत येतो व अर्जदार पडतो. दोनदा पडून खात्री करून घेतली आहे.

हे सर्व कार्यालयाच्या फाटकाशी, सकाळी व संध्याकाळी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समक्ष चालते. शेजारच्या शाळेची मधली सुट्टी अर्जदाराच्या वेळेनुसार बदलली, ही अफवा आहे.

५. अर्जदाराने पहिला अर्ज केला तेव्हा हेडक्लार्क श्री. कमलाकांत घारफळकर यांनी त्यास जवळ बोलावून विचारले, "गावंडे, पट्टा जागेवर आहे ना?" अर्जदाराने आहे म्हणून सांगितले. "मग तक्रार कसली? सरकारी वस्तू बाहेर येते आहे, येऊ द्या. आत गडप होत असती तर मला चौकशी लावावी लागली असती." त्यांच्या या बोलण्यात चूक काढता येत नाही, हीच मोठी अडचण आहे.

दुसऱ्या अर्जानंतर गफूर मिस्त्रींना बोलावण्यात आले. त्यांनी डबीला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि म्हणाले, "साब, अंदर स्प्रिंग है. ये घडीवाले का काम है." घड्याळवाल्याकडे डबी नेता येईना म्हणून घड्याळवाल्यास डबीकडे आणले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाहिले व म्हणाले, "एवढ्या मोठ्या मनगटाचं घड्याळ मी आजवर उघडलं नाही." त्यानंतर प्रकरण अमरावतीच्या मुख्य कार्यालयाकडे मार्गदर्शनार्थ गेले. तेथून मार्गदर्शन आलेले नाही.

६. येथे नम्रपणे नमूद करणे भाग आहे की, गाडीच्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे आपल्या बाजूचा पट्टा अगदी ठणठणीत आहे. परिपत्रक फक्त चालकास लागू असल्याने तो आजवर कोणी बांधलेला नाही. दौऱ्यावर आपण त्यावर ओला टॉवेल वाळत घालता. दोन पट्ट्यांची अदलाबदल करावी अशी तोंडी विनंती अर्जदाराने करून पाहिली. परंतु अधिकाऱ्याच्या बाजूची वस्तू चालकाच्या बाजूला लावल्यास हुद्द्याचा प्रश्न उपस्थित होतो, असे श्री. घारफळकर यांचे मत पडले.

७. येथपर्यंत अर्जदाराने सोसले. पुढील गोष्ट सोसण्यापलीकडची आहे.

अर्जदाराची सोयरीक अचलपूर येथील श्री. खुशालराव वानखडे यांची कन्या जमुना हिच्याशी जानेवारीत ठरली. मुलगी सातवी पास आहे. पाहण्याच्या कार्यक्रमात अर्जदाराने तिला एकच प्रश्न विचारला व तिने उलट दोन विचारले, यावरून अर्जदाराचे मन तेथे बसले. फक्त सुपारी फोडणे बाकी होते.

शनिवार, दि. १९ फेब्रुवारी रोजी अचलपूरकडे नमुन्यांचा दौरा होता. आपण विश्रामगृहावर उतरलात व मोठ्या मनाने म्हणालात, "जा गावंडे, सासुरवाडीला चहा घेऊन ये." अर्जदार एकटाच गाडी घेऊन गेला. टोक धरायला शिपाई सोबत घ्यावा, हे चहाच्या आनंदात त्याच्या लक्षात राहिले नाही. ही अर्जदाराची एकमेव चूक होय.

गाडी दारात थांबताच आळी गोळा झाली. अर्जदार बैठकीवर साडेतीन वेढ्यांत बांधलेला होता. त्याने काचेतून वाकून म्हटले, "मामाजी, जरा टोक धरता का?"

खुशालरावांच्या वडील भगिनी दुर्गाबाई ओट्यावर बसल्या होत्या. घरातले सर्व निर्णय त्या घेतात व खुशालराव ते बोलून दाखवतात. त्यांचे शब्द जसेच्या तसे देत आहे : "अवो माय! सरकारनं पोरगा बांधून पाठवला! काहून बांधला असन वो?" शेजारची एक बाई म्हणाली, "सोडला का पयून जात असन." दुसरी म्हणाली, "नाई वो, झटके येत असन. आमच्या मावसभावाले असंच बांधून ठेवत."

खुशालरावांनी टोक धरले. परंतु सवय नसल्याने जोरात ओढले. अर्जदार नेहमीच्या चौपट वेगाने फिरत अंगणात आला, त्याला घेरी आली, आणि तो दुर्गाबाईंच्या पायांशी आडवा झाला.

"पाह्य! आलाच झटका," दुर्गाबाई म्हणाल्या.

पुढे जे झाले ते आपल्याकडे झटक्याच्या माणसाला जे करतात तेच झाले. प्रथम अर्जदाराच्या नाकाशी फोडलेला कांदा धरण्यात आला. अर्जदार "आत्याबाई, मले काही झालं नाही" एवढे म्हणाला, तेव्हा बडबड सुरू झाली असे समजून खुशालरावांची वहाण मागवण्यात आली. वहाण खुशालराव दहा वर्षे शेतात वापरत आहेत. ती नाकाशी येताच अर्जदार ताडकन उठून उभा राहिला. कोणीही राहील. परंतु वहाणेने माणूस उठला, त्या अर्थी झटकाच होता, हे त्याच क्षणी सर्व आळीच्या समोर सिद्ध झाले.

चहा मिळाला. परंतु तो कपाऐवजी पितळी वाटीत दिला. फुटणारी वस्तू हाती देऊ नका, असे आतून कोणीतरी म्हणाले.

८. अर्जदाराने परत येऊन कार्यालयाकडे दाखला मागितला की, सदर इसमास झटके येत नाहीत. श्री. घारफळकर यांनी सेवापुस्तक उघडले. त्यात अर्जदाराच्या शरीराबद्दल फक्त "डाव्या गालावर तीळ" एवढीच नोंद आहे. "झटके येतात असं कुठे लिहिलेलं नाही, आणि येत नाहीत असंही नाही. तिळाचा दाखला हवा तर आत्ता देतो," असे ते म्हणाले. तिळाचा दाखला सोबत जोडला आहे.

सोमवार, दि. २८ फेब्रुवारी रोजी खुशालराव स्वतः अकोल्यास आले. अर्जदार आपल्यासोबत दौऱ्यावर होता. खुशालराव सरळ श्री. घारफळकर यांच्या टेबलाशी गेले. त्या वेळचे संभाषण शिपायाने अर्जदारास सांगितले ते असे :

"सायेब, आमच्या जावयाले तुमी बांधता, हे खरं हाय का?"

"बांधतोच. बांधल्याशिवाय आम्ही त्यांना बसवत नाही."

"कदीपासून?"

"नोकरीला लागल्यापासून. अलीकडे त्रास वाढलाय. तीन माणसं लागतात कधी कधी."

"औषीदपाणी?"

"मिस्त्री येऊन गेला. घड्याळवालाही येऊन गेला."

यावर खुशालराव टेबलावर वाकले. मग त्यांनी हळूच विचारले, "सुदरासारखं हाय का?"

श्री. घारफळकर यांनी चष्मा काढला व खऱ्या हळहळीने म्हटले, "काय सांगू? आपण आपल्याकडून केलं. वर लिहिलं आहे. वरून अजून काही नाही."

खुशालरावांनी डोळे पुसले, हात जोडले, आणि ते एस. टी. स्टँडवर निघून गेले.

श्री. घारफळकर एका शब्दानेही खोटे बोललेले नाहीत. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची काही तक्रार नाही. असती तर बरे झाले असते.

९. त्यानंतर निरोप आला तो असा. गुरुवार, दि. १७ मार्च रोजी पाहुणे अकोल्यास घर पाहण्यास येतील. घर नंतर पाहतील, आधी कार्यालयाच्या फाटकाशी उभे राहून अर्जदार गाडीतून उतरताना पाहतील. तो कोणाच्याही मदतीशिवाय, न फिरता, न पडता, चारचौघांसारखा खाली उतरला तर त्याच दिवशी सुपारी फुटेल. नाहीतर नांदगाव खंडेश्वर येथील एक स्थळ तयार आहे. त्या मुलाकडे सायकल असून तीवर त्याला कोणीही बांधत नाही, असे दुर्गाबाईंनी मुद्दाम कळवले आहे.

जमुनाचे म्हणणे निराळे आहे. ते तिच्या धाकट्या बहिणीने कार्डावर लिहून पाठवले. जमुना घरात म्हणाली, "आत्याबाई, ज्याले झटका येते तो आधी टोक धरा म्हणून सांगते का?" त्यावर दुर्गाबाई म्हणाल्या, "तुले काय समजते? शायने येडे असेच असतात." कार्ड येथे संपते.

आता पट्टा बांधावा तर मुलगी जाते. न बांधावा तर परिपत्रक क्र. १७ प्रमाणे नोकरी जाते, आणि नोकरी गेल्यावर मुलगी देणार कोण? अर्जदाराने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्ही बाजू सारख्याच आवळतात.

१०. तरी आपणास विनंती की,

(अ) दि. १७ मार्चपूर्वी पट्टा दुरुस्त करून मिळावा. तो जमत नसल्यास,

(ब) त्या दिवशी सकाळी अकरा ते सव्वा अकरा परिपत्रक क्र. १७ स्थगित ठेवावे. पंधरा मिनिटे फार वाटत असल्यास पाच पुरतील, उतरायला वेळ लागत नाही. तेही जमत नसल्यास,

(क) आपण स्वतः त्या दिवशी शेजारच्या बैठकीवर पट्टा बांधून बसावे, म्हणजे चांगल्या घरचे, शिकलेले, वर्ग दोनचे अधिकारीही बांधले जातात हे पाहुण्यांना दिसेल. आपणास झटके येतात असे कोणी म्हटल्यास त्याचा खुलासा अर्जदार स्वतः करील.

(ड) वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास निदान सर्व कर्मचाऱ्यांना त्या दिवशी आपापल्या खुर्च्यांना बांधून ठेवण्याचा आदेश व्हावा. श्री. घारफळकर यांची खुर्ची फाटकातून स्पष्ट दिसते.

अर्जदाराने आजवर एकदाही पट्ट्याविना गाडी चालवून कसूर केलेली नाही. अठरा महिन्यांत एकही बरणी फुटू दिलेली नाही. त्याला शासनाकडून बढती नको, बदली नको. एकदा, एका गुरुवारी, स्वतःच्या पायांवर सरळ खाली उतरू द्यावे, इतकेच मागणे आहे.

आपला नम्र व तूर्त गुंडाळलेला,
गो. न. गावंडे
वाहनचालक (हंगामी)
अकोला, दि. १४ मार्च १९६६

सोबत : गालावरील तिळाचा दाखला (एक). जमुनाच्या बहिणीचे कार्ड (एक, वाचून परत मिळावे).

ता. क. (दि. १५ मार्च, सकाळी पावणेअकरा) :

वरील अर्ज आज आपल्या टेबलावर ठेवणार होतो. तोपर्यंत परिस्थिती बदलली असल्याने त्याच कागदावर पुढे लिहीत आहे. तसेच पातूर दौऱ्यासाठी गाडी आज साडेदहाला आपल्या बंगल्यावर का आली नाही, याचा खुलासाही यातच येतो.

पाहुणे गुरुवारऐवजी आजच आले. न सांगता पाहिलेले तेच खरे, असे दुर्गाबाईंचे मत आहे. टांग्यातून खुशालराव, दुर्गाबाई व स्वतः जमुना उतरली. मुलीने येण्याची रीत नाही, परंतु "माह्यं लगन हाय, मीच पाह्यतो" असे म्हणून ती टांग्यात आधीच बसली होती, असे कळते. अर्जदार त्या वेळी फाटकाशी दुसऱ्या गिरकीत होता. टोक शिपायाच्या हातात होते. लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

अर्जदाराने दोन्ही गिरक्या उलगडल्या व पट्टा जमिनीवर ठेवून सर्व हकीकत सांगितली. खुशालरावांना पटू लागले. दुर्गाबाईंना पटले नाही. त्या म्हणाल्या, "बाप्पा, वस्तू अशी कशी असन? बाहीर येते तं अंदर जाईन. माणसातच खोट हाय. सर तिकडं, बसून पाहू दे मले." अडवण्याची छाती कोणाचीच झाली नाही. त्या चालकाच्या जागी चढून बसल्या, पट्टा पोटावरून ओढून घेतला, टोक बकलात अडकवले, आणि "काहून जात नाही रे अंदर?" असे विचारत डबीवर टाच हाणली. त्यांच्या पायात पावशेर चांदीचे तोडे आहेत.

डबीतून खर्रर असा आवाज झाला. साडेचार महिने बाहेर असलेला सात हात पट्टा, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, दुर्गाबाईंसकट जागेवर गेला.

आता तो बाहेर येत नाही. बकलही सुटत नाही. गफूर मिस्त्रींना निरोप पाठवला आहे. दुर्गाबाई हॉर्नच्या साहाय्याने आपले म्हणणे मांडत आहेत. खुशालराव गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले, काचेशी वाकले, आणि म्हणाले, "आक्का, हे तं गाडीचंच हाय वो. का तुलेबी झटके येतात?" यावर दुर्गाबाईंनी जे उत्तर दिले ते शासकीय कागदावर लिहिता येत नाही, परंतु अर्जदाराला झटके येतात हा आरोप त्यात नव्हता.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी गाडीच्या बॉनेटवर सुपारी फुटली. फोडण्याचा मान घरच्या वडीलधाऱ्या म्हणून दुर्गाबाईंचा. हात काचेबाहेर काढून सुपारीला लावला, तेवढा पोचला. जमुना पदर तोंडाला लावून फाटकापर्यंत गेली व तेथे बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. अर्जदाराने काळजीने जाऊन पाहिले, ती हसत होती.

सबब विनंती की, वर मागितलेल्या (अ) ते (ड) या सर्व मागण्या रद्द समजाव्यात. विषयाच्या ओळीत "आत जात नाही" या जागी "बाहेर येत नाही" अशी दुरुस्ती करून घ्यावी. पातूरचा दौरा उद्यावर न्यावा, कारण चालकाच्या जागेवर आज परिपत्रक क्र. १७ चे तंतोतंत पालन चालू आहे व ते थांबवता येत नाही. अर्जदारास वैशाखात आठ दिवसांची रजा मिळावी.

शेवटची विनंती खुशालरावांच्या वतीने आहे. सध्या ते कार्यालयाच्या पायरीवर बसून श्री. घारफळकर यांच्या अक्षरात मानपानाची यादी करीत आहेत. वानखड्यांच्या घरात अशा यादीला दोन दिवस व तीन भांडणे लागतात असा आजवरचा अनुभव आहे, आणि आज ती दहा मिनिटांत निम्मी झाली. तरी मिस्त्री लवकर सापडल्यास त्यास चहा पाजावा, बसवून घ्यावे, आणि दुपारी तीनच्या आत गाडीकडे पाठवू नये.

आपला नम्र व पूर्ण मोकळा,
गो. न. गावंडे